ताब्यात सापडलेली वस्तू, ताब्यात घेतलेला माणूस

'ताबा' हा शब्द गुन्ह्याच्या बातमीत हमखास दोनदा येतो. वस्तू कुणाच्या तरी ताब्यात सापडते आणि मग त्या माणसाला पोलीस ताब्यात घेतात. ही दोन वाक्ये इतकी एकमेकांना लागून छापली जातात की, वस्तू खरोखर त्याच्याच ताब्यात होती का, हे विचारायचे राहूनच जाते. तलवार असो, गावठी कट्टा असो की स्फोटके, आपले मत त्या दोन वाक्यांतच तयार होते. खटला पुढे पंधरा-सतरा वर्षे चालतो, पण तो वाचायला कुणी थांबलेले नसते.

मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे असे शब्द कानाला लगेच टोचतात. पोलीस ठाण्याची मराठी बघा: फिर्याद, जप्ती, जामीन, पंचनामा, मुद्देमाल. निम्मी भाषा फारसी-अरबी घराण्यातली. त्यातला 'गुन्हा' हा तर गंमतीदार शब्द आहे. उर्दूत 'गुनाह' म्हणजे पाप. कायद्याने शिक्षा होते त्याला उर्दूत 'जुर्म' म्हणतात. मराठीने पापाचा शब्द उचलून कायद्याच्या कामाला लावला. वर्गात हा फरक सांगितला की मुले हसतात. मला मात्र वाटते, आपण अजूनही 'गुन्हा दाखल' हे शब्द 'पाप सिद्ध' असेच ऐकतो, आणि आरोपीचे आडनाव खान किंवा शेख असले तर जरा जास्तच.

आग, स्फोटके आणि शस्त्रे यांच्याबद्दलचे आपले कायदे सौम्य आहेत, असे कुणी म्हणू नये. 1860 च्या दंडसंहितेत कलम 436 होते. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 326 ने घेतली. राहते घर किंवा प्रार्थनास्थळ उद्ध्वस्त करण्याच्या हेतूने आग लावली किंवा स्फोट घडवला, तर थेट जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. स्फोटकांसाठी वेगळा कायदा आहे 1908 चा. जीव किंवा मालमत्ता धोक्यात आणणारा स्फोट घडवला तर त्याखाली फाशीही होऊ शकते. शस्त्रांसाठी 1959 चा शस्त्र कायदा आहे. शिवाय पूर्वी टाडा आणि पोटा होते, आता मकोका आणि यूएपीए आहेत. प्रत्येक मोठ्या हल्ल्यानंतर 'कायदा आणखी कडक करा' ही मागणी येते आणि बहुतेक वेळा मान्यही होते.

यातल्या 1908 च्या कायद्याचा जन्म मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. 30 एप्रिल 1908 रोजी मुजफ्फरपूरला खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी बॉम्ब टाकला. सव्वा महिन्यात, 8 जूनला, सरकारने स्फोटक पदार्थांचा कायदा आणला आणि त्याच्या जोडीला वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा दुसरा. दुसऱ्याच दिवशीच्या 'केसरी'त 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा अग्रलेख होता. टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात जे लेख पुढे आले, त्यातला हा एक. आणि त्याच खटल्यात सरकारने एक पोस्टकार्ड पुरावा म्हणून ठेवले! टिळकांच्या घराच्या झडतीत ते सापडले होते आणि त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे लिहिलेली होती. टिळकांचे म्हणणे असे की नव्या कायद्यातली 'स्फोटक' या शब्दाची व्याख्या तपासून तिच्यावर टीका करायची होती, म्हणून ती नावे टिपून ठेवली. बॉम्ब नाही, दारू नाही, पुस्तकेसुद्धा नाहीत, पुस्तकांची नावे. टिळकांच्या जामिनासाठी त्या वेळी बॅरिस्टर जिनांनी युक्तिवाद केला होता, तो फेटाळला गेला. पुढे ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांना दोषी ठरवले आणि सहा वर्षांची शिक्षा झाली.

हाच कायदा, दुरुस्त्या होत होत, आजही चालू आहे. त्याचे पाचवे कलम सगळ्यांत धारदार आहे. संशयास्पद परिस्थितीत एखाद्याने जाणीवपूर्वक स्फोटक पदार्थ जवळ बाळगला, तर तो कायदेशीर कामासाठी होता हे त्यानेच दाखवायचे. सिद्ध करण्याचे ओझे असे आरोपीकडे सरकवणे मला पटत नाही असे नाही. घरात डिटोनेटर कशाला ठेवला, हे ठेवणाऱ्यालाच ठाऊक असणार. पण त्या कलमातला 'जाणीवपूर्वक' हा शब्द विसरून चालणार नाही. तो शब्द आधी पोलिसांना सिद्ध करावा लागतो. संजय दत्तच्या प्रकरणात 1994 साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी टाडाच्या संदर्भातही तेच सांगितले: ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. तो नट सगळ्यांना आठवतो, त्याची पाच वर्षांची शिक्षाही आठवते. हे वाक्य मात्र कुणाला आठवत नाही. सातवे कलम आणखी एक अट घालते. जिल्हादंडाधिकाऱ्याच्या संमतीशिवाय या कायद्याखाली खटलाच चालवता येत नाही. कुणीतरी कागद नीट वाचावेत, मगच माणसाला कोर्टात उभे करावे, इतकाच त्याचा अर्थ.

साध्या सुऱ्याचेही तसेच. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पाते असेल तर ते नियमांत शस्त्र म्हणून येते. पण घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले पाते त्यातून वगळले आहे. म्हणून खाटकाचा सुरा आणि उसाच्या फडातला कोयता हे जात्याच बेकायदा ठरत नाहीत. तोच कोयता घेऊन चौकात दहशत माजवली तर गोष्ट वेगळी. वर्गातल्या पोरांना मी हे स्पष्ट सांगते, कारण वाढदिवसाचा केक तलवारीने कापून व्हिडिओ टाकण्याचे खूळ आमच्या मोहल्ल्यातही आहे आणि शेजारच्या गल्लीतही. हौस म्हणून घेतलेली तलवार पोलिसांच्या नोंदीत हौस म्हणून लिहिली जात नाही. तिथे पोरांची बाजू घ्यायला मी जाणार नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते. कायदा इतका कडक असूनही मेलेल्यांना न्याय का मिळाला नाही?

मालेगावात 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले. मेलेली माणसे मुसलमान होती आणि आरोपी म्हणून पकडलेले नऊ जणही मुसलमान. त्यातल्या बहुतेकांची पाच वर्षे तुरुंगात गेली. नंतर तपास दुसऱ्या यंत्रणांकडे गेला, दुसरीच नावे पुढे आली, आणि एप्रिल 2016 मध्ये विशेष न्यायालयाने आठ जणांना आरोपमुक्त केले. नववा त्याआधीच वारला होता. त्याच मालेगावात 29 सप्टेंबर 2008 ला भिक्खू चौकात दुसरा स्फोट झाला, सहा माणसे गेली. या वेळी आरोपी हिंदू होते. 31 जुलै 2025 ला सातही जण निर्दोष सुटले. मोटारसायकलमध्येच बॉम्ब ठेवला होता, हेसुद्धा सिद्ध झाले नाही. संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालय म्हणाले.

त्याच्या दहा दिवस आधी, 21 जुलै 2025 ला, मुंबई उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल स्फोटांतल्या बारा जणांना निर्दोष ठरवले होते. 180 हून अधिक माणसे त्या संध्याकाळी गेली होती. खालच्या न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. उच्च न्यायालयाने काय पाहिले? स्फोटात कोणत्या प्रकारचा बॉम्ब वापरला, हे सरकारी पक्षाला नोंदीवर आणता आले नाही. जप्त केलेली स्फोटके नीट सीलबंद करून जपून ठेवली होती, हेही पटवता आले नाही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देऊ नये असे सांगितले गेले, सुटलेल्यांना पुन्हा आत टाकले नाही.

दहा दिवसांच्या अंतराने आलेल्या या दोन निकालांवर आमच्याकडे आणि त्यांच्याकडे जे बोलले गेले ते अगदी आरशातल्यासारखे होते. एका निकालावर पेढे, दुसऱ्यावर हाय-हाय; फक्त बाजू बदललेल्या. माझ्या समाजातल्या मित्रांना मी एवढेच विचारले, की बारा जणांच्या बाबतीत 'पुरावा कुठे आहे' हा आपला प्रश्न बरोबर होता, तर सात जणांच्या बाबतीतही तो विचारावाच लागेल ना? काहींना राग आला. येऊ द्या. मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. भिक्खू चौकात आपले माणूस गमावलेल्या घराला दोन लाखांची भरपाई आणि 'सिद्ध झाले नाही' एवढे मिळाले. ती कुटुंबे आता उच्च न्यायालयात गेली आहेत. लोकलमध्ये मेलेल्यांच्या घरी तर एकोणीस वर्षांनी कळले की ज्यांना आपण खुनी समजत होतो त्यांच्याविरुद्धचा पुरावा टिकलाच नाही. यांपैकी कुठेही कायद्याचे कलम कमी पडलेले नाही. फाशीपर्यंतची कलमे हाताशी होती. कमी पडले ते लाखेचे सील, पंच, वेळेवर झालेली ओळख परेड, नीट विचार करून दिलेली मंजुरी. सगळी कारकुनी वाटणारी कामे.

आणखी एक गोष्ट खुपते. 8 डिसेंबर 2023 ला पिंपरी-चिंचवडजवळ तळवड्यात, केकवर लावायच्या फुलबाजी-मेणबत्त्या बनवणाऱ्या बेकायदा कारखान्यात आग लागली आणि तिथे राबणाऱ्या बायका होरपळून मेल्या. ज्वालाग्राही दारू तीच. पण स्फोटक पदार्थ निष्काळजीपणे हाताळल्याची शिक्षा, न्याय संहितेच्या कलम 288 मध्ये, जास्तीत जास्त सहा महिने किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. माणूस मेला तर दुसरी कलमे लागतात हे खरे, पण कुणी मरेपर्यंत त्या शेडकडे कोण बघतो? 'कायदा कडक करा' म्हणणाऱ्यांना हे कलम कधी दिसत नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत एक चांगली गोष्ट आली आहे. झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण आता बंधनकारक आहे. घरात पोलीस आले तर ते चित्रीकरण चालू आहे का, हे विचारण्याचा संकोच करू नका. तसे विचारणे म्हणजे तपासात अडथळा नव्हे. आणि दुसरे, जे आपल्या हातात आहे. झडतीला त्या भागातले दोन प्रतिष्ठित आणि निःपक्षपाती रहिवासी पंच म्हणून लागतात. आपल्या मोहल्ल्यांत पंच व्हायला सांगितले की दारे बंद होतात. कोर्टाच्या तारखा नकोत, पोलिसांचे लफडे नको, आणि शेजाऱ्याविरुद्ध गेल्याचा ठपका तर मुळीच नको. मग पोलीस कुणालातरी बाहेरून पकडून आणतात, तो न वाचता सही करतो, आणि दहा वर्षांनी साक्षीत त्याला काहीच आठवत नाही. सबळ कारणाशिवाय पंच व्हायला नकार देणे हा स्वतःच कायद्याने गुन्हा आहे, हेही फार थोड्यांना माहीत असते. शिकलेल्या माणसांनी, विशेषतः आम्हा शिक्षकांनी, या कामाला जावे. सापडले ते सापडले म्हणून लिहावे, नाही सापडले ते लिहू देऊ नये, आणि पंचनामा पूर्ण वाचून मगच सही करावी.