स्मृतीची राखण

अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधले चिखलोली आता निव्वळ गाव राहिलेले नाही. मुलगा आणि सून सकाळच्या लोकलने मुंबईस जातात, आणि आईवडील दिवसभर बंद दाराआड दूरचित्रवाणीसमोर बसतात. हे चित्र केवळ उदासवाणे नाही, ते मेंदूसही घातक आहे.

‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने स्मृतिभ्रंशाचे १४ टाळता येण्याजोगे घटक सांगितले. ते सर्व आवरले, तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टळतील वा त्यांचा आजार लांबेल. एकाकीपणा त्यांत आहेच. पण सर्वांत मोठे वाटे ऐकू न येण्याचे आणि मध्यम वयातल्या वाढलेल्या एलडीएल कोलेस्टेरॉलचे, प्रत्येकी ७ टक्क्यांचे. आपल्याकडे चष्म्याची लाज नाही, श्रवणयंत्राची मात्र आहे! ऐकू येत नाही म्हणून आजोबा आधी बैठकीतून उठतात, मग बोलणेच सोडतात, आणि घरचे त्याला ‘वयाचा परिणाम’ म्हणतात.

रक्तदाब, मधुमेह आणि धूम्रपान यांना चाळिशीतच लगाम हवा. विद्याव्यासंग हे कवच खरे, पण अभेद्य नव्हे. ‘अस्तु’ या मराठी चित्रपटात स्मृती गमावणारा नायक संस्कृतचा पंडितच आहे.

प्रदूषित हवा हाही त्या चौदांतला घटक. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीशेजारी राहणाऱ्याला ती एकट्याच्या पथ्याने टाळता येत नाही. तो विषय वस्तीने एकत्र येऊन नगरपालिकेत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे न्यावा लागेल.