आधी त्याची बंदूक खाली

धाकटा चुलतभाऊ मराठवाड्यातनं आला तो थेट गोदीच्या गेटवर. मी पाळी संपवून बाहेर पडतोय, अंगाला ग्रीसचा वास, तर हा समोर उभा. काखेत पिशवी. पिशवीत गायरानाच्या अतिक्रमणाचा एक-ई चा उतारा, चुलत्याच्या नावचा. आणि रुमालात बांधलेले पैसे.

चहा अर्धा व्हायच्या आत म्हणाला, "दादा, रिव्हॉल्व्हर घ्यायचंय. जुनं चालंल. दुरुस्त केलेलं चालंल. वाजलं पायजे बस."

मी हसलो नाही. कारण का ते मला ठाऊक होतं. गायरानाच्या बांधाला लागून ज्याची जमीन आहे त्याच्याकडं लायसनची बारा बोअर आहे. पोराच्या वरातीत त्यानं बँड आमच्या वस्तीसमोर थांबवला आणि दोन बार हवेत काढले. दुसऱ्या दिवशी पारावर बोलला, हवेत मारता येते तशी खालीही मारता येते. एवढंच. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

आता कोणी पांढरपेशा म्हणेल, तुम्ही तर बुद्धाची माणसं, तुमच्या तोंडी रिव्हॉल्व्हर कसं? त्याला माझं सांगणं आहे, ज्याच्या दारात बार निघत नाहीत त्यानं आम्हांला अहिंसा शिकवायला येऊ नये. भावाला राग आला हे बरोबर आहे. राग आला नसता तर मीच त्याला परत पाठवला असता. माझा सवाल रागाचा नाही. सवाल हा की त्या पैशांत काय मिळतं आणि कोणाला मिळतं.

म्हणून पाळी बुडवली आणि त्याला घेऊन एका हत्याराच्या दुकानात गेलो. काचेच्या कपाटात कुलपाआड मांडून ठेवलेल्या. म्हाताऱ्या दुकानदारानं आम्हांला वरपासनं खालपर्यंत बघितलं आणि पहिला शब्द काढला, "लायसन?"

इथंच पहिला धडा. आपल्याकडं रिव्हॉल्व्हर घेणं म्हणजे सेकंडहँड सायकल घेणं नव्हे, की पसंत पडली, पैसे टाकले, पायडल मारलं. १९५९ चा शस्त्र कायदा सांगतो, आधी लायसन, मग हत्यार. लायसन मुंबईत पोलीस आयुक्त देणार, जिल्ह्यात जिल्हाधिकारी. वय २१ च्या वर. आधी पोलिसांचा अहवाल. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळायच्या प्रशिक्षणाचा दाखलाही मागितला. एका लायसनवाल्यानं आपलं जुनं हत्यार दुसऱ्या लायसनवाल्याला विकायचं म्हटलं तरी सरकारला ४५ दिवस आधी लेखी कळवावं लागतं.

दुसरा धडा भावाचा. त्याला वाटलं होतं जुनं म्हणजे स्वस्त. दुकानदार म्हणाला, उलटं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून परदेशी हत्यारांची खासगी आयात बंद झाली. त्यामुळं त्याआधी आलेलं वेब्ली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन जेवढं देशात आहे तेवढंच. माल वाढत नाही, गिऱ्हाईक वाढतं. म्हणून साहेबाच्या जमान्यातलं घासलेलं रिव्हॉल्व्हर कानपूरच्या कारखान्यातल्या नव्यापेक्षा कितीतरी महाग जातं. आणि नवं तरी कुठं आपल्यासाठी? कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ साली बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं ०.३२ चं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. माझी सहा-सात महिन्यांची मजुरी. खैरलांजीतल्या कुठल्या बाईनं हे विकत घ्यायचं होतं, सांगा.

तिसरा धडा मी गोदीतच शिकलोय. जहाजातनं स्टीलची कॉइल उचलताना आमचा जीव वायर रोपवर असतो. जुनी वायर रोप ग्रीस चोपडून, रंग मारून दिली की नव्यासारखी चमकते. आतले तार किती तुटलेत ते वरनं दिसत नाही. आमचा मुकादम वायरीवरनं चिंधी फिरवायला लावायचा. तुटलेल्या तारेला चिंधी अडकते. चिंधी अडकली की ती वायर बाद. मग वरनं कितीही चकचकीत असू दे.

दुरुस्त केलेल्या रिव्हॉल्व्हरचंही तेच. वरनं पुन्हा निळा-काळा मुलामा दिलेला असतो, मुठीला नवं लाकूड असतं. खरं बघायचं ते आत. नळीच्या आतले पीळ शाबूत आहेत की गंजानं खड्डे पडलेत? घोडा चढवल्यावर चक्राचं घर नळीच्या बरोब्बर समोर येऊन घट्ट बसतं की डुगडुगतं? चढवलेला घोडा अंगठ्यानं ढकलला तर पडतो का? सांगाड्यावर कुठं बारीक चीर आहे का? नंबर कानशीनं घासलाय का, आणि तोच नंबर कागदावर आहे का? हे बघायला जाणता कारागीर लागतो. आणि नंबर घासलेला असला तर बाकी काही बघायचंच नाही, दुकानातनं बाहेर पडायचं. तशा हत्यारामागं कोणाचा तरी खून असू शकतो आणि तो तुमच्या नावावर यायला वेळ लागत नाही.

एवढं ऐकून भाऊ म्हणाला, "लायसन काढतो की मग." मी म्हटलं, काढ. कायदा आपल्या बाजूनं एक गोष्ट बोलतो. कलम १४ मध्ये लिहिलंय, माणसाकडं पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरनं लायसन नाकारता येणार नाही. वाचून छान वाटतं. पण त्याच कायद्याचं कलम ९ वाचा. ज्याच्याकडनं शांतता राखायचा बाँड लिहून घेतलाय त्याला त्या बाँडची मुदत संपेपर्यंत हत्यार बाळगता येत नाही.

भाऊ गप्प झाला. गायरानाच्या मोर्चानंतर त्याच्यावर चॅप्टर केस झाली होती. बाँडवर सही होती.

घ्या. ज्यानं वरातीत बार काढले त्याच्यावर काही नाही. ज्यानं तहसीलवर घोषणा दिल्या तो शांततेला धोका. त्याच्याकडं बारा बोअर, याच्याकडं बाँड. व्यवस्था अशी चालते, दोस्तहो. ती तुमच्या हातातनं बंदूक काढून घेत नाही. बंदूक तुमच्या हातात येणारच नाही याची सोय आधीच करून ठेवते.

ही सोय जुनी आहे. १८७८ साली इंग्रजांनी शस्त्र कायदा केला, हिंदी माणसाला लायसनची सक्ती केली आणि गोऱ्यांना सूट दिली. ज्या महारांनी कंपनीच्या फौजेत बंदुका उचलल्या त्यांची भरती १८९० च्या दशकात 'लढाऊ जाती'चं खूळ काढून बंद केली. दुसरं महायुद्ध गळ्याशी आलं तेव्हा, १९४१ साली, महार रेजिमेंट उभी राहिली. बाबासाहेब त्याच साली संरक्षण सल्लागार समितीवर गेले होते. म्हणजे त्यांना गरज पडली की आमचा हात चालतो. आम्हांला गरज पडली की आमच्या हाताची चौकशी होते.

समुद्रापलीकडंही तेच. ज्यांच्या नावावरनं १९७२ साली मुंबईत पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतले ब्लॅक पँथर. १९६६ साली ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी संघटना काढली. पोलिसांच्या गाडीमागं भरलेल्या बंदुका घेऊन फिरले. कॅलिफोर्नियात तेव्हा उघड्यावर भरलेली बंदूक बाळगणं कायद्यात बसत होतं. काळ्या हातात ती दिसल्याबरोबर १९६७ साली कायदा बदलला. सही करणारा गव्हर्नर रोनाल्ड रेगन. बंदुकीवर प्रेम करणारा देश काळ्या हाताला एवढा घाबरला.

मग कोणी म्हणेल, कायदा गेला खड्ड्यात, गावठी कट्टा घे. हे बोलणारा बहुतेक स्वतः घेत नाही. कट्टा म्हणजे पाईप ठोकून केलेला धंदा. समोरच्यावर चालेल की वापरणाऱ्याच्या हातात फुटेल, करणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनलायसनच्या हत्याराला किमान दोन वर्षं, पाच वर्षांपर्यंत कैद. शत्रूला एवढंच पाहिजे. गायरानाचा दावा लढणारा पोरगा आत, बाप एकटा, बांध मोकळा. त्याला गोळी झाडायचीसुद्धा गरज नाही.

एक गोष्ट अजून आहे, ती आपण बोलत नाही. हत्यार घरात आलं की शत्रूची वाट बघत बसत नाही. अमेरिकेत बंदुकीनं मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक स्वतःला मारून घेणारे असतात. आपल्याला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. फवारणीचं औषध घरात होतं म्हणून मराठवाड्यात, विदर्भात किती जण गेले? क्षणभराचा अंधार असतो, हाताला काही लागलं नसतं तर सकाळ झाली असती. दहा बाय दहाच्या खोलीत दारू आहे, कर्ज आहे, भांडण आहे, लहान पोरं आहेत. तिथं उशाखाली सहा गोळ्या ठेवायच्या? मी माझ्या घराला ओळखतो. मी ठेवणार नाही.

आणि सहा गोळ्यांनी काय होतं तेही बघू. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री बिहारात लक्ष्मणपूर-बाथे इथं रणवीर सेनेनं ५८ माणसं मारली. बायका, पोरं, सगळी. २०१० साली खालच्या कोर्टानं २६ जणांना शिक्षा दिली, २०१३ साली हायकोर्टानं सव्वीसच्या सव्वीस सोडले. तिथं एका झोपडीत एक जुनं रिव्हॉल्व्हर असतं तर? एखादा वाचला असता कदाचित. मी नाही म्हणत नाही. पण सेना एका माणसावर येत नाही, वस्तीवर येते. वस्तीवर येणाऱ्याला एकट्याचं रिव्हॉल्व्हर पुरत नाही.

मग पुरतं काय?

अॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. नियम ३ किती जणांनी वाचलाय? त्यात लिहिलंय की जिथं अत्याचार होण्याची शक्यता आहे तो भाग सरकारनं शोधून ठेवायचा. तिथं जरूर वाटली तर दलित-आदिवासी नसलेल्यांची शस्त्र लायसनं रद्द करून हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची. बेकायदा हत्यारं जप्त करायची. आणि जरूर वाटली तर दलित-आदिवासींना लायसन द्यायचं. नीट बघा, क्रम काय आहे. आधी त्यांची खाली, मग आपल्या हातात. नियम करणाऱ्यालाही कळलं होतं की गावात एक बंदूक जास्त होण्यापेक्षा एक कमी झालेली बरी.

आम्ही भाऊ परत जायच्या आधी रात्री बसून दोन अर्ज लिहिले. पहिला वरातीतल्या बारांचा. आनंदाच्या भरात दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार करणं हा २०१९ पासून गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वरातीचा व्हिडिओ वऱ्हाड्यांनीच मोबाईलवर मिरवला होता, तो जोडला. दुसरा अर्ज जिल्हाधिकाऱ्याला, नियम ३ खाली, लायसन रद्द करा म्हणून. त्याची प्रत जिल्हा दक्षता समितीला. ही समिती जिल्हाधिकाऱ्याच्याच अध्यक्षतेखाली असते, तिनं तीन महिन्यांतनं एकदा तरी बसायचं असतं. बसते का, हे विचारायला माहितीचा अधिकार आहे.

गाडीत चढताना भाऊनं विचारलं, "दादा, कागद फिरंस्तोवर तो आला तर?"

या सवालाला माझ्याकडं पुरं उत्तर नाही, आणि आहे असं सांगणार नाही. वस्तीतली बारा-पंधरा पोरं आता रात्री आळीपाळीनं जागतात. कुणाला एकट्यानं बांधावर जाऊ द्यायचं नाही असं ठरलंय. त्याचा बाप म्हणतो, तुमच्या कागदाला नळी नाही. म्हातारा खोटं बोलत नाही. अर्ज अजून या टेबलावरनं त्या टेबलावर फिरतोय. रुमालातले पैसे अर्धे वकिलाला गेले. पण पोरगा बाहेर आहे, आणि बांधावर ज्वारी उभी आहे.

तू मुंबईत, पुण्यात, नागपुरात हे वाचतोयस. तुझंही एक गाव आहे. या खेपेला गेलास की तीन गोष्टी विचार. तालुक्यात शस्त्र लायसनं किती? त्यातली आपल्या माणसांकडं किती? नियम ३ खाली आजवर रद्द किती केली? आकडा लेखी माग. नाही मिळाला तर अपील कर. एका पोरानं विचारलं तर बाबू फाईल ढकलेल, शंभर पोरांनी शंभर तालुक्यांतनं विचारलं तर त्याला कपाट उघडावं लागेल.

जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायचं की नवं, हा सवाल दुकानदाराचा आहे. आपला सवाल, त्याच्या खांद्यावर ती बंदूक अजून का आहे?

जयभीम.