पारावरून : बिनस्टेपनीची गाडी



दिवाळी सरली, ऊसतोडीच्या टोळ्या आल्या आणि रस्त्याला ट्रॉल्यांची रांग लागली. आमचं रान सुरूर फाट्यावरून वाईकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला. पुढं पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर. त्यामुळे हौशी मंडळींच्या गाड्या आम्हाला नव्या नाहीत. पण त्या दुपारी बांधाजवळ उभी होती ती गाडी काही वेगळीच. लालभडक, दोनच माणसांची, आणि इतकी ठेंगणी की आमचं शेरडू तिच्यावरून उडी मारून जावं! शेजारी एक तरुण जोडपं घामाघूम होऊन उभं.

"काका, पंक्चर झालंय," पोरगा म्हणाला.

"मग स्टेपनी लावा की."

"स्टेपनी नाहीच या गाडीत."

आमचे तात्या काठी टेकीत आले होते. ते म्हणाले, "बैल बाजारला काढला आन् दावं घरी ठेवलं व्हय?"

पोरगा ओशाळला, पण चूक त्याची नव्हती. अशा वेगवान गाड्यांत स्टेपनी बहुधा नसतेच. वजन कमी ठेवायचं असतं, जागा थोडी, शिवाय पुढची चाकं एका मापाची नि मागची दुसऱ्या, मग एक स्टेपनी पुरणार कुणाला? 2020 सालापासून आपल्याकडच्या नियमातही सवलत आहे. ट्यूबलेस टायर, हवा उतरल्याची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं साहित्य असलं, तर मोटारीत स्टेपनी नसली तरी चालते.

ते साहित्य म्हणजे एक बाटली आणि एक छोटा पंप. बाटलीतलं चिकट औषध व्हॉल्व्हमधून टायरात सोडायचं, गाडीच्याच विजेवर पंप लावून हवा भरायची आणि थोडं अंतर सावकाश चालवायचं, म्हणजे औषध आत पसरून भोक बुजतं. खिळा दिसला तर तो उपटायचा नाही. तोच बुचाचं काम करीत असतो. मग हवा पुन्हा तपासून, बेताच्या वेगानं जवळचं पंक्चरचं दुकान गाठायचं. आत औषध घातलंय हे दुकानदाराला आधी सांगायचं, नाहीतर टायर उघडताच ते त्याच्या अंगावर येतं.

पोरानं हे सगळं केलं होतं. पण पंप सुरू होताच टायरच्या कुशीतून पांढरा फेस बाहेर. खड्ड्याच्या काठावर टायर आणि लोखंडी रिंग यांच्यामध्ये रबर चेचून कूस फाटली होती. या गाड्यांच्या टायरची कूस चार बोटांचीसुद्धा नसते, म्हणून खड्डा त्यांचा वैरी. आणि कूस फाटली की औषध नाही, ठिगळ नाही, टायर बदलायचा.

पोरीनं शहाणपणा केला होता. गाडी उचलून नेणारा सपाट ट्रक फोन करून मागवला होता. त्याला यायला चार तास होते. इथं आमच्यातला मोठेपणा जागा झाला. मी म्हटलं, "चार तास कशाला? चाक काढू, मोटारसायकलवर साताऱ्याला नेऊ, टायर घालून आणू."

पंक्चरवाल्याकडनं जॅक आणला. तो गाडीखाली जाईना, इतकी ती बसकी. मग फळी टाकून चाक फळीवर चढवलं, तेव्हा कुठं जॅक शिरला. बोल्ट जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले केले. त्यातला एक कुलपाचा, त्याची वेगळी चावी गाडीच्या कप्प्यात निघाली. इथवर सगळं बरोबर. पण जॅक ठेवला मी, आणि ठेवला कडेच्या भुसभुशीत मुरुमावर. खाली फळी घालायची, एवढं सुचलं नाही.

तात्या ओरडले, "ठोकळं घाल आधी!" मी म्हटलं, "दोन मिनिटांचं काम, तात्या." म्हातारा ऐकेना. ट्रॉलीला लावायचे दोन लाकडी ठोकळे त्यांनी स्वतः ओढत आणून गाडीखाली सारले. पोरगा चाकाला हात घालतोय, तोच एका बाजूनं मुरूम दबला, जॅक तिरका झाला आणि गाडी धाडकन खाली आली. ठोकळ्यांवर टेकली. पोराची बोटं चाकाच्या कमानीत होती. दोन बोटांची जागा उरली, म्हणून हात वाचला.

कुणी काही बोललं नाही. मीच म्हणालो, "ट्रकची वाट बघू." जोडप्याला घरी आणलं, चहा-भाकरी झाली. चार तासांनी ट्रक आला आणि ठेंगणी बाई वर चढून गेली. चार तास वाचवायला निघालेला मी एका लेकराचा हात घालवणार होतो, हे मात्र डोक्यातून जात नाही.

बसल्या बसल्या पोरानं एक गंमत सांगितली. स्टेपनी हे नाव आहे एका रस्त्याचं. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी 1904 साली जादा चाकाचा धंदा काढला, ते नाव आपण घरचं करून टाकलं. आणि हवेचा टायर 1888 साली बेलफास्टला बनवणारा डनलॉप हा गुरांचा डॉक्टर; पोराच्या तीनचाकी सायकलसाठी त्यानं तो केला. पुढं आपल्या बैलगाडीलाही टायर आले आणि बैलांच्या मानेवरचा भार हलका झाला. तात्या म्हणाले, "गुरांचाच डॉक्टर तो, गुरांची दया येणारच!"

आता वाचकहो, लाल गाडी आपल्या दारी येणार नाही. पण उसाची ट्रॉली रोज पंक्चर होते. भरलेली ट्रॉली त्या गाडीच्या कितीतरी पट जड. म्हणून सांगतो. जॅकखाली जाड फळी हवी. दुसऱ्या बाजूच्या चाकांना दगड हवेत. ठोकळे आधी, हात नंतर. नुसत्या जॅकवर उचललेल्या वाहनाखाली कुणी शिरू नये, पोरासोरांना तर जवळ उभं करू नये. चाक बसवताना नट समोरासमोरचे आवळावेत आणि काही अंतर गेल्यावर पुन्हा आवळावेत. सगळ्यात मोठी गोष्ट, अंधारात बंद पडलेली ट्रॉली रस्त्यावर तशीच सोडून जेवायला जाऊ नये. मागं चमकणारी पट्टी हवी, दूर अंतरावर त्रिकोण हवा, माणूस हवा. मागून मोटारसायकलवर येणारा कुणाचा तरी कर्ता पोरगा असतो.

आमच्या ट्रॉलीत आता दोन ठोकळे आणि एक फळी कायमची बांधली आहे. तात्या येता-जाता ती काठीनं ठोकून बघतात. मी काही बोलत नाही.

बराय, पुढच्या आठवड्यात भेटू.