महिनाभर घरचे खाऊ, पण घरात ठेवले काय?



शहरातल्या मंडळींत एक नवे व्रत निघाले आहे. महिनाभर कारखान्यातून आलेले काही खायचे नाही. साखर नाही, मैदा नाही, रिफाइंड तेल नाही, पुड्यातले तर काहीच नाही. डॉक्टरही तसेच सांगतात आणि त्यात खोटे काही नाही. साखरेचा आजार आता वाडीवस्तीवर पोचला आहे. आमचा प्रश्न एवढाच, की जोंधळा पिकवणाऱ्याने हे व्रत धरले तर त्याला ते झेपेल का?

कागलात बसून हा हिशेब मांडतो आहोत. कोरडवाहू भाऊ म्हणतील, दूधगंगा-वेदगंगेच्या पाण्यावर ऊस काढणाऱ्यांनी आम्हाला काय सांगावे? पण शेत निराळे असले तरी ताट एकच आहे.

साखर सोडली की गूळ आला. कागलच्या घाटग्यांच्या घरात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी वसवली आणि तिथे गुळाची पेठ वाढली. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण पिवळाधमक गूळ पुष्कळदा हायड्रॉस पावडरीने पिवळा होतो. रानभेंडीच्या चिकाने मळी काढायची जुनी रीत गुऱ्हाळवाल्याला ठाऊक आहे. मात्र त्या गुळाला तांबूस-काळपट रंग येतो आणि सौद्यात भाव पडतो. गिऱ्हाईक डोळ्याने गूळ घेते, मग गुऱ्हाळवाल्याला शुद्धतेचे प्रवचन देऊन काय उपयोग?

तेलाचे गणित कापूसवाल्यांच्या जास्त जवळचे आहे. शेंगदाण्याचे तेल घाणीवरून आणून तसेच खाता येते. सरकीचे तसे नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. ते झाडाला किडीपासून राखते आणि माणसाला बाधते. कच्चे तेल शुद्ध केल्यावरच पोटात घालण्याजोगे होते. तेव्हा प्रक्रिया म्हणजे पाप, हे कापूसवाल्याला तरी कोणी शिकवू नये. पाप असेल तर ते एवढेच, की सरकी आपली, पण तेल आणि पेंड दोन्ही विकणारा दुसराच. त्यातून देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येते. २०२५ च्या मे महिन्यात कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयातशुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले गेले. तेल स्वस्त करायचे ते आपल्या तेलबियांच्या जिवावर, ही सरकारची जुनीच खोड.

हे व्रतही तसे नवे नाही. १९२९ साली गांधीजींनी काही न शिजवता खाण्याचा प्रयोग केला. तब्येतीला मानवला नाही, तेव्हा त्यांनी तो सोडला. पुढे १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याचे ठाणे कापूस-ज्वारीच्या मुलखात, वर्ध्याच्या मगनवाडीत. कारभार जे. सी. कुमारप्पांकडे. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, साखरेऐवजी गूळ, हा तिथला आग्रह. कुमारप्पांचा मुद्दा नुसत्या पोटापुरता नव्हता. तांदूळ गिरणीत सडला की कोंड्याबरोबर गावची मजुरीही गिरणीत जाते, हे त्यांचे खरे दुखणे होते.

हा मुद्दा आम्हाला पटतो. जाते मात्र पटत नाही. पहाटे उठून दळायला बसायची ती घरची बाईच, आणि नंतर खुरपायलाही तीच जायची. विजेची चक्की आली तेव्हा गावोगावच्या मायबहिणी सुटल्या. जोंधळ्याचे पीठ चक्कीतून आले तरी कोंड्यासकट येते, भाकरीचे सत्त्व कुठे जात नाही. व्रताच्या नावाखाली तिला पुन्हा जात्याला जुंपणार असाल तर असले व्रत न केलेले बरे.

आता जोंधळा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य १ रुपया, गहू २ रुपये, तांदूळ ३ रुपये किलो असा दर होता. दुकानात आले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. २०२३ च्या जानेवारीपासून तेही फुकट. तेच २०२३ साल जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, ज्वारीला श्रीअन्न म्हणून ओवाळले गेले. फुकटच्या गव्हापुढे विकतचा जोंधळा टिकणार कसा, हे ओवाळणाऱ्यांनी सांगितले नाही. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३६९९ रुपये जाहीर झाला. पण खरेदीचा काटा लागला नाही तर तो कागदावरच राहतो, आणि पावसात काळी पडलेली ज्वारी तर व्यापारी हात लावून परत टाकतो. तीच ज्वारी बिस्किटाच्या पुड्यात शिरली की शहरात पौष्टिक म्हणून मिरवते.

म्हणून बैठकीपुढे आमची सूचना अशी. महिनाभर ज्याने त्याने आपल्या घरी हे करून पाहावे, पण सोबत एक वही ठेवावी. घरात विकत आलेली प्रत्येक खायची वस्तू लिहावी. तिचा कच्चा माल आपण पिकवतो का, तो काय भावाने विकला आणि पक्का होऊन काय भावाने परत घेतला, हे समोरासमोर मांडावे. वही घरच्या बाईने लिहिली तर उत्तम, किराण्याचा भाव तिला पाठ असतो. तूर विकून डाळ, सरकी विकून तेल आणि पेंड, जोंधळा विकून गहू, या ओळी कोणी कोऱ्या सोडू नयेत. वह्या पुढच्या जिल्हा बैठकीला आणाव्यात. पहिला तास त्या वाचण्यासाठीच राखून ठेवू.