कोंबडीच्या पोटात पाणी होतं तेव्हा

पाळलेल्या कोंबडीचं पोट फुगलं की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतो, अंडं अडकलंय, उद्या घालेल. दुसरा म्हणतो, आजारी कुठली, चांगली भरलीय! या वादात तिच्या उपचाराचे दिवस निघून जातात. जबलपुरात जुन्या घरांच्या परसात अजून खुराडी आहेत, आमच्याकडेही आहे, आणि दर उन्हाळ्या-पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारायला येतं, "ताई, कोंबडीचं पोट बघा ना, हे काय झालं?" म्हणून आज त्यावरच लिहिते.

आधी हात लावून बघायचं. संध्याकाळी कोंबडी खुराड्यात शांत बसली की तिला काखेत धरावं आणि शेपटीखाली, दोन पायांच्या मधे, तळव्याने हलके चाचपावं. निरोगी कोंबडीचं पोट तिथे मऊ आणि रिकामं लागतं. पाणी झालेलं पोट ताणलेलं, गरम लागतं आणि पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं हलतं. पिसं विरळ होऊन खालची कातडी लाल दिसते. अशी कोंबडी पाय फाकवून, अंग उभं धरून चालते, तुरा फिका किंवा जांभळट पडतो, अंडी बंद होतात किंवा बिनकवचाची येतात. खुडूक कोंबडीच्याही पोटाची पिसं जातात, पण ती जागेवरून उठवली की चवताळते, आणि तिचं पोट ताणलेलं नसतं. हा फरक ओळखता आला की निम्मी काळजी कमी होते.

अंडं अडकलं असेल तर गोष्ट तासांची असते. कोंबडी सारखी जोर करते, शेपूट हलवते, घरट्यात जाते-येते. तिला कोमट पाण्यात पोटापर्यंत बसवून मग उबदार, अंधाऱ्या जागी ठेवावं. त्याने भागलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर. घरी बोट घालून अंडं फोडायचा प्रयत्न कुणीही करू नये. फुटलेलं कवच आतली नळी फाडतं.

पोटात पाणी मात्र असं एका दिवसात होत नाही, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा अंड्यातच असतं. कान्हाच्या जंगलातली लाल रानकोंबडी वर्षाला साधारण दहा-पंधरा अंडी घालते. व्यापारी जातीची कोंबडी तीनशेच्या घरात. एक अंडं तयार व्हायला चोवीस तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, त्यातले वीसेक तास नुसतं कवच चढण्यात जातात. कोंबडीचा डावा बीजांडकोष आणि डावी नळी एवढंच कामाचं असतं. तिथून सुटलेला बलक नळीने झेलायचा असतो. तो चुकला की पोटात पडतो. एखाद-दुसरा शरीरात जिरतो, पण वारंवार पडले आणि ई. कोलायसारखे जंतू पोहोचले की आत दाह होतो, घट्ट पिवळा द्रव साठतो.

दुसरं कारण अधिक दुःखद आहे. दोन-तीन वर्षांपुढच्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांत बीजांडकोषाचा कर्करोग आपोआप आणि बऱ्याच प्रमाणात होतो. इतका, की स्त्रियांमधल्या याच कर्करोगाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ कोंबडीकडे वळले. सतत बीज सुटत राहण्याचा या रोगाशी संबंध असावा, हे १९७१ साली इजिप्तचे डॉक्टर महमूद फथल्ला यांनी मांडलं होतं. मला हे वाचल्यापासून अंड्यांचा हिशेब मांडणं नकोसं वाटतं. आपण वाढवलेल्या अंड्यांची किंमत तिचं शरीर मोजतं.

बाकी कारणं यकृताची आणि हृदयाची. झपाट्याने वाढणाऱ्या ब्रॉयलरचं हृदय थकतं आणि पोटात पाणी भरतं. यकृताचा शत्रू आपल्या पावसाळ्यात घरातच बसलेला असतो, तो म्हणजे बुरशी आलेला मका आणि शेंगदाण्याची पेंड. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं. वास आलेलं खाद्य "कोंबडीला चालतं" म्हणून टाकू नये, आणि ताटातलं खारट उरलंसुरलंही नको.

कोंबडीला आपल्यासारखा छाती-पोट वेगळं करणारा पडदा नसतो. पोटातलं पाणी थेट श्वासाच्या पिशव्यांवर दाबतं, म्हणून ती चोच उघडून धापा टाकते. तिला उताणी धरू नका, त्याने दम कोंडून मरू शकते. डॉक्टर सुईने हळूहळू, थोडं थोडं पाणी काढतात आणि द्रव पाहून अंदाज बांधतात. पातळ, स्वच्छ पिवळसर पाणी एक सांगतं, गढूळ आणि दुर्गंधीचं दुसरं. घरी सिरिंज घेऊन हा प्रयोग करणारे मी पाहिलेत. हात चुकला तर आतडं फुटतं, आणि पाणी एकदम काढलं तर कोंबडी हातातच गळते. डॉक्टरांनी काढलेलं पाणीसुद्धा बऱ्याचदा पुन्हा भरतं. आराम मिळतो, रोग जातोच असं नाही. हे मालकाला स्पष्ट सांगितलं पाहिजे. वेदना फार असतील तर डॉक्टरांकडून शांत मृत्यू देणं हाही दयेचाच निर्णय आहे.

औषधाच्या दुकानातून घरच्यांसाठी आणलेल्या प्रतिजैविकाचा तुकडा कोंबडीला देणं थांबायला हवं. मात्रा चुकते, जंतू निबर होतात, आणि औषधाचा अंश अंड्यातून आपल्याच पोटात येतो. कोलिस्टिनसारखं माणसासाठी राखून ठेवायचं औषध २०१९मध्ये सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना देणं बंद केलं, ते याच भीतीने. डॉक्टरांनी औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे त्यांनाच विचारून घ्यावं.

या बाबतीत जबलपूरकर नशीबवान आहेत. इथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८पासूनचं. तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी नागपूर होती, पण नागपूरचं महाविद्यालय यायला पुढची दहा वर्षं लागली. आज जबलपूरचं महाविद्यालय नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. नानाजी मूळचे हिंगोली भागातल्या कडोळीचे, म्हणजे आपलेच. परसात टिकणारी 'नर्मदानिधी' ही कोंबडी याच शहरात कडकनाथच्या रक्तातून घडली. एवढं शास्त्र दाराशी असून "चारशेच्या कोंबडीला दवाखाना कशाला?" हा प्रश्न मला अजून ऐकू येतो, आणि तो प्रत्येक वेळी टोचतो. गाय आजारी पडली तर आपण रात्री उठतो. कोंबडी वर्षानुवर्षं अंडी देते, हाक मारली की धावत येते, तिला एकदा दाखवून आणण्याइतकंही तिचं देणं नाही का?

खबरदारीचं थोडं. हिवाळ्यात अंडी वाढावीत म्हणून खुराड्यात दिवा पेटता ठेवू नका. दिवस लहान झाला की कोंबडीची पिसं झडू द्या आणि तिला अंड्यांपासून विश्रांती मिळू द्या. चुन्याचा दगड किंवा शिंपल्यांचा भुगा वेगळ्या वाडग्यात ठेवा, ती लागेल तेवढा घेते. लठ्ठ होऊ देऊ नका. मूठभर कणी हौसेने टाकायची असते, पोटभर नाही.

मध्य प्रदेशात १९६२ या क्रमांकावर फोन केला की पशुवैद्यकाची गाडी दाराशी येते. कोंबडी दगावलीच तर तिला पिशवीत गुंडाळून थंड ठेवा, पण गोठवू नका, आणि शवविच्छेदनाला न्या, म्हणजे उरलेल्या कोंबड्यांना काय धोका आहे ते कळेल. एकाच वेळी अनेक कोंबड्या अचानक मरायला लागल्या, तर मात्र कशालाही हात न लावता आधी पशुसंवर्धन खात्याला कळवा. तो पोटाचा आजार नसतो, बर्ड फ्लू असू शकतो, आणि त्याची खात्री भोपाळच्या प्रयोगशाळेतच होते.