घरी येणारी रुग्णसेवा आणि ब्यूरोची तपासणी

पक्षाघात, खुब्याचे फ्रॅक्चर, पार्किन्सन्स, स्मृतिभ्रंश, शेवटच्या टप्प्यातला कर्करोग. या आजारांत रुग्णालयातले दिवस थोडे आणि घरातले दिवस खूप असतात. डिस्चार्ज देताना आम्ही डॉक्टर 'घरी चोवीस तासांचा माणूस ठेवा' असे सांगून मोकळे होतो. मग कोणीतरी ब्यूरोचा नंबर देते, आगाऊ पैसे भरले जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक अनोळखी मावशी किंवा ब्रदर पिशवी घेऊन दारात उभे राहतात. त्या क्षणापासून रुग्णाची औषधे, नळीतून द्यायचे अन्न, अंघोळ आणि डायपर हे सारे त्यांच्या हाती जाते.

त्यांना हे काम कोणी शिकवले? ते नीट होते आहे का, हे कोण पाहते? महाराष्ट्रात आज याचे प्रामाणिक उत्तर 'बहुतेक वेळा कोणीच नाही' असे आहे. माझ्या मते अशा सेवेची सरकारी तपासणी व्हायला हवी, आणि ती मावशींची नव्हे, तर त्यांना पाठवणाऱ्या ब्यूरोची व्हायला हवी.

आपला कायदा कुठे थांबतो?

खासगी रुग्णालयांसाठी आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारण्यात आले. पण हा कायदा खाटा असलेल्या जागेला लागू होतो. रुग्णाची खाट त्याच्या स्वतःच्या घरात असेल, तर तिथे तो पोहोचत नाही. एएनएम किंवा जीएनएम झालेल्या परिचारिकेची नोंद नर्सिंग कौन्सिलकडे असते, पण घरी येणारे बहुसंख्य सेवक परिचारिका नसतात. ब्यूरोकडे दुकाने व आस्थापना कायद्याखालचा कागद असू शकतो. त्या कागदाचा रुग्णाच्या सुरक्षिततेशी काही संबंध नाही.

यावर विचार झालाच नाही असे नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान दर्जा ठरवणे या तरतुदी त्यात होत्या. त्याचा कायदा मात्र झाला नाही.

'तक्रार करा' हे उत्तर इथे अपुरे का पडते?

सेवा वाईट असेल तर ग्राहकाने तक्रार करावी, असे म्हटले जाते. पैसे देऊन घेतलेल्या सेवेसाठी ग्राहक संरक्षण कायदा आहेच. पण इथे तीन अडचणी आहेत.

१. रुग्ण बोलू शकत नाही. स्मृतिभ्रंश असेल किंवा पक्षाघाताने वाचा गेली असेल, तर तक्रार करणार कोण? आणि बोलता येत असले तरी, ज्याच्या हातून पाणी प्यायचे त्याच्याविरुद्ध बोलणे सोपे नसते.

२. कुटुंब अडलेले असते. 'बोललो आणि उद्यापासून माणूसच आला नाही तर?' ही भीती खरी आहे. ऑफिसला जाणारे मुलगा-सून मग बरेच काही पाहून न पाहिल्यासारखे करतात.

३. हलगर्जीपणा आजारासारखाच दिसतो. माकडहाडावर किंवा टाचेवर जखम झाली, की 'वयामुळे झाली' असे वाटते. प्रत्यक्षात ठरल्या वेळी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे आणि दाबूनही न जाणारी लाली वेळीच ओळखणे, यांनी अशा बऱ्याच जखमा टाळता येतात. नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर नसेल, तर अन्न श्वासमार्गात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. जेवण व्हायच्या आत दिलेले इन्शुलिन आणि मग राहून गेलेले जेवण म्हणजे साखर धोकादायकरीत्या खाली. रात्री त्रास देऊ नये म्हणून झोपेची जास्तीची गोळी दिली, तर सकाळी 'आज आजोबा जरा सुस्तच आहेत' एवढेच घरच्यांना दिसते.

म्हणून कोणी बोलावले नाही तरी येणारा आणि काय पाहायचे हे जाणणारा तपासनीस इथे लागतो.

इंग्लंडमध्ये हे कसे चालते?

इंग्लंडमध्ये २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन ही संस्था हे काम करते. प्रौढांना त्यांच्या घरी जाऊन अंघोळ घालणे, कपडे बदलणे, भरवणे अशी शारीरिक सेवा देणाऱ्या एजन्सीला तिच्याकडे नोंदणी केल्याशिवाय काम करता येत नाही. तपासणीचे पाच प्रश्न ठरलेले आहेत: सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, मायेने दिली जाते का, गरजेप्रमाणे बदलते का आणि संस्था नीट चालवली जाते का? उत्तरांवरून 'उत्कृष्ट', 'चांगली', 'सुधारणा आवश्यक' किंवा 'अपुरी' असा शेरा मिळतो.

रुग्णालयाचा तपासनीस वॉर्डात फिरून पाहू शकतो. इथे मात्र 'वॉर्ड' म्हणजे गावभर पसरलेल्या खासगी बेडरूम. त्यामुळे तपासणीची रीतही वेगळी आहे. ऑफिस लहान असते आणि व्यवस्थापक बाहेर असू शकतो, म्हणून सहसा थोडे आधी, अनेकदा ४८ तास, कळवले जाते. मग ऑफिसात कागद पाहिले जातात. नेमणुकीपूर्वी गुन्हेगारी नोंद आणि आधीच्या मालकाचे मत तपासले होते का? प्रत्येक रुग्णाची लेखी सेवा-योजना आहे का, आणि तब्येत बदलल्यावर ती बदलली का? औषधांच्या तक्त्यात रिकामा चौकोन असेल, तर ऑफिसने त्याची चौकशी केली का?

भेटींच्या वेळांचा तक्ता तर फार बोलका असतो. एका घरचे काम नऊला संपते आणि पाच किलोमीटरवरच्या दुसऱ्या घरचे नऊलाच सुरू होते, असे लिहिलेले असेल तर प्रवासाची वेळ कोणाच्या तरी अंघोळीतून किंवा जेवणातून कापली जाते आहे, हे उघड आहे.

यानंतर रुग्णांना आणि नातेवाइकांना फोन केले जातात. हे फोन करणाऱ्यांत अशी सेवा स्वतः घेतलेले किंवा घरच्यांसाठी घेतलेले लोकही असतात. संमती असेल तर घरी भेट दिली जाते. शेवटी अहवाल सर्वांना वाचता येईल असा प्रसिद्ध होतो आणि मिळालेला शेरा लोकांना दिसेल असा लावणे कायद्याने बंधनकारक आहे. सुधारणा झाली नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते.

ही व्यवस्था निर्दोष नाही. २०२४ मध्ये डॉ. पेनी डॅश यांच्या अहवालाने या कमिशनवरच कडक टीका केली. तपासण्या फार कमी झाल्या होत्या आणि काही संस्थांचे शेरे अनेक वर्षे जुने होते. म्हणजे पाटी लावली की काम झाले, असे नाही. जुना 'चांगली' हा शेरा कुटुंबाला खोटा दिलासा देतो.

'इन्स्पेक्टर राज'चे काय?

हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. अटी फार जाचक केल्या तर लहान ब्यूरो चोरून चालतील आणि वाढलेला खर्च रुग्णाच्याच खिशातून जाईल. म्हणून सुरुवात थोडक्यात व्हावी: ब्यूरोची सक्तीची नोंदणी, सेवकांना किमान प्रशिक्षण, प्रत्येक घरी लेखी नोंदवही आणि वर्षातून एकदा काही कुटुंबांना थेट फोन.

यात सेवकांच्या ड्युटीचे तासही हवेत. चोवीस तासांच्या ड्युटीवर, हॉलमध्ये सतरंजीवर झोपणाऱ्या, महिनोन्‌महिने सुट्टी न मिळालेल्या बाईने रात्री दोन वाजता ताजेतवाने उठून रुग्णाची कूस बदलावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. चूक झाली की ब्यूरो मावशी बदलतो आणि तीच पद्धत पुढच्या घरी चालू राहते. तपासणी संस्थेची हवी, असे मी म्हणतो ते म्हणूनच.

तोपर्यंत आपण काय विचारावे?

- पोलीस पडताळणी झाली आहे का? तिची प्रत दाखवा.
- नळी, कॅथेटर, इन्शुलिन यांचे प्रशिक्षण कोणी आणि कधी दिले?
- सुट्टीच्या दिवशी बदली कोण येणार? तिला रुग्णाची माहिती कोण देणार?
- मावशींच्या हातात दरमहा किती पैसे पडतात? आठवड्याची सुट्टी मिळते का?
- ब्यूरोचे कोणी घरी येऊन काम पाहते का?

याशिवाय घरात एक वही ठेवा. औषध, जेवण, लघवी-शौच, कूस बदलल्याची वेळ आणि त्वचेची स्थिती तिच्यात रोज लिहिली जावी. आठवड्यातून दोनदा अंघोळीच्या वेळी स्वतः हजर राहून पाठ आणि टाचा पाहा. छळाची शंका आली, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

रुग्ण रुग्णालयात पाच दिवस असतो, तेव्हा त्या खाटेवर कायद्याची नजर असते. तोच रुग्ण घरी पाच वर्षे अंथरुणावर असतो, तेव्हा ती नसते. हे उलटे गणित सुटेपर्यंत घरातली वहीच आपला तपासनीस आहे. ती रोज वाचा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या.