म्यानमारबाबत आता तरी बोला

म्यानमारच्या लष्कराने डिसेंबर २०२५ ते जानेवारी २०२६ मध्ये तीन टप्प्यांत निवडणूक उरकली आणि आपल्याच छायेत वाढलेल्या पक्षाला सत्तेवर बसवण्याची सोय केली. २०२० च्या निवडणुकीत ४७६ पैकी ३९६ जागा जिंकणारा पक्ष या वेळी रिंगणातच नव्हता. लष्कराच्या आयोगाने तो मार्च २०२३ मध्येच विसर्जित केला होता. त्या पक्षाच्या नेत्या आँग सान स्यू की यांना १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी बंडाच्या पहाटे पकडले आणि पुढे ३३ वर्षांची शिक्षा ठोठावली. ती २७ वर्षांवर आणली, हीच काय ती दया. निवडणुकीविरुद्ध बोलणाऱ्याला तुरुंगात धाडणारा कायदाही आधीच करून ठेवला होता. अनेक भागांत मतदान झालेच नाही, कारण तिथे लष्कराचे राज्यच चालत नाही. ही निवडणूक नाही. आणि हे शब्द दिल्लीतून, भारत सरकारच्या तोंडून, जगाला ऐकू जायला हवेत.

दिल्लीतूनच का? कारण ३१ ऑगस्ट २०२५ रोजी तियानजिनमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी लष्करप्रमुख मिन आँग हलाइंग यांना भेटले, तेव्हा ही निवडणूक निष्पक्ष आणि सर्वांना सामावून घेणारी व्हावी, अशी अपेक्षा भारताने अधिकृतपणे व्यक्त केली होती. ती पूर्ण झाली का, एवढाच प्रश्न आहे. झाली नसेल तर तसे सांगावे. ज्या अपेक्षेच्या भंगाची दखल कोणी घेणार नाही, तिची मिन आँग हलाइंग यांना कसली भीती?

गेल्या पाच वर्षांचा हिशेब मान खाली घालायला लावणारा आहे. २७ मार्च २०२१ ला नेपिडोमध्ये लष्कराचे संचलन चालू होते आणि त्याच दिवशी देशभर शंभरावर निःशस्त्र माणसे सैनिकांच्या गोळ्यांनी मेली. त्या संचलनाला भारताचा लष्करी प्रतिनिधी हजर होता. जून २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने लष्कराचा शस्त्रपुरवठा थांबवण्याचे आवाहन केले. ठरावाच्या बाजूने ११९ देश उभे राहिले, भारत तटस्थ. डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेत स्यू की यांच्या सुटकेची मागणी करणारा ठराव आला. परिषदेचे अध्यक्षपद त्या महिन्यात भारताकडेच होते, तरीही भारत तटस्थ, चीन आणि रशियाच्या पंक्तीला. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांच्या मे २०२३ च्या अहवालाने तर तटस्थतेचा बुरखाही ठेवला नाही. बंडानंतर भारतातून म्यानमारच्या लष्कराकडे सुमारे ५.१ कोटी डॉलरची शस्त्रे आणि संबंधित साहित्य गेल्याचे त्यात नोंदले आहे. पुरवठादारांत भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनीही आहे. म्हणजे या व्यवहारात तुमचा-आमचा पैसा गुंतलेला आहे.

हाच देश एकेकाळी वेगळा वागला होता. १९८८ च्या उठावानंतर पळून आलेल्या ब्रह्मी विद्यार्थ्यांना भारताने आसरा दिला. स्यू की यांना १९९३ चा जवाहरलाल नेहरू पुरस्कार दिला. मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी दिल्लीतल्या आपल्या सरकारी बंगल्याचे दार त्या मुलांसाठी उघडे ठेवले. संरक्षणमंत्री झाल्यावरही ते बंद केले नाही. ज्या देशातल्या मंडालेत टिळकांनी सहा वर्षे कारावास भोगला, त्या देशाशी महाराष्ट्राचे नाते फक्त इतिहासाच्या पाठ्यपुस्तकापुरते नाही, हे फर्नांडिस यांना कळत होते.

आज ती जाण मिझोरामने दाखवली. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने सीमेवरच्या राज्यांना पत्र धाडले की येणाऱ्यांना अडवा, निर्वासितांचा दर्जा देण्याचा अधिकार तुम्हाला नाही. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरमथांगा यांनी थेट पंतप्रधानांना कळवले की हे आमच्याच्याने होणार नाही. तियाऊ नदी ओलांडून आलेल्या हजारो चिन कुटुंबांना तिथल्या गावांनी, चर्चनी आणि तरुणांच्या संघटनांनी पोसले. केंद्राने त्यानंतर काय केले? २०२४ मध्ये १,६४३ किलोमीटरच्या सीमेवर कुंपण घालण्याची आणि मुक्त ये-जा बंद करण्याची घोषणा केली.

यावर ठरलेले उत्तर असते राष्ट्रहिताचे. ईशान्येतले बंडखोर, चीनचा वाढता प्रभाव, म्यानमारमधून ईशान्येला जोडणारा कलादान वाहतूक प्रकल्प. हे हित खरे आहे, पण ते सांभाळण्याची ताकद लष्करात उरली आहे कुठे? कलादान मार्गावरचे पलेटवा जानेवारी २०२४ पासून अराकान आर्मी या लष्करविरोधी सशस्त्र गटाच्या ताब्यात आहे. लष्कराचे शेकडो सैनिक जीव वाचवायला मिझोराममध्ये धावत आले आणि आपणच त्यांना विमानाने परत पाठवले. चीनला दूर ठेवण्यासाठी आपण ज्या लष्कराला गोंजारतो, ते दर संकटात धावते चीनकडेच.

ही खोड फक्त म्यानमारपुरती नाही. बांगलादेशात विरोधकांनी बहिष्कार घातलेल्या जानेवारी २०२४ च्या निवडणुकीनंतर आपण शेख हसीना यांचे तातडीने अभिनंदन केले. ५ ऑगस्टला त्या दिल्लीत आश्रयाला आल्या आणि तिथल्या तरुण पिढीचा राग आपल्या वाट्याला आला. काबूलमध्ये आपण संसद भवन बांधून दिले, २०१५ मध्ये पंतप्रधानांनी त्याचे उद्घाटन केले. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत आले आणि त्यांच्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना जागा नव्हती. आपल्या राजधानीत! ‘लोकशाहीची जननी’ हे बिरुद जी-२० च्या व्यासपीठावर मिरवणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या लोकशाही निधीच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या देशाला हे शोभत नाही.

कोणाच्या देशात सैन्य पाठवा, सरकारे पाडा, असे कोणी म्हणत नाही. म्यानमारच्या या निवडणुकीला मान्यता नाही, हे जाहीर करा. लष्कराला जाणारा सरकारी कंपनीचा प्रत्येक सुटा भाग थांबवा. लष्कराविरुद्ध उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय एकता सरकारशी आणि चिन, अराकानी संघटनांशी उघडपणे बोला. सीमेपलीकडचा बराच प्रदेश आज त्यांच्याच हाती आहे. आणि मिझोरामला पत्रे पाठवण्याऐवजी निधी पाठवा, तिथल्या छावण्यांत जन्मलेली मुले आता शाळेच्या वयाची झाली आहेत.